स्थानबद्धता

एखाद्या व्यक्तीवर गुन्ह्याचा आरोप न ठेवता व न्यायालयात खटला न चालविता, ती पुढे राज्याच्या सुरक्षिततेस किंवा सार्वजनिक सुव्यवस्थेस बाधक असे कृत्य करील या संशयावरून शासनाने तिला अटकेत ठेवणे, यास स्थानबद्धता किंवा प्रतिबंधक स्थानबद्धता असे म्हणतात. शिक्षा ही घडलेल्या कृत्याबद्दल असते. स्थानबद्धता ही न घडलेल्या, पण घडेल असे वाटणाऱ्या कृत्याबद्दल असते. त्यामुळे शिक्षेस जशी मुदत असते व निर्दोष ठरण्याची जशी वाट असते, तशी मुदत आणि तशी वाट स्थानबद्धास सहसा नसते. इझ्राएल-पॅलेस्टाइन संघर्षातील बंदिवानांच्या वागणुकीचा जगभर चाललेला वाद मुख्यतः या प्रश्नाशी निगडित आहे. तो वाद दूरचा वाटला, तरी त्यातील कायद्याचे मूळ ब्रिटिश साम्राज्याच्या ज्या परंपरेत आहे, त्याच परंपरेतील एक जुना विनियम मुंबई इलाख्यात १८२७ मध्ये झाला आणि त्याचा सर्वांत गाजलेला उपयोग पुण्यात करण्यात आला.

स्वरूप : स्थानबद्ध, न्यायाधीन कैदी, युद्धकैदी व ओलीस या चार संज्ञा व्यवहारात एकमेकींत मिसळल्या जातात, पण त्यांतील भेद महत्त्वाचा आहे. न्यायाधीन कैद्यावर निश्चित आरोप असतो आणि तो न्यायालयाच्या हुकुमाने कोठडीत असतो. युद्धकैदी हा शत्रुसैन्यातील सैनिक असून १९४९ च्या तिसऱ्या जिनीव्हा कराराप्रमाणे त्यास युद्धसमाप्तीपर्यंत ठेवता येते; मात्र केवळ लढल्याबद्दल त्यास शिक्षा करता येत नाही. ओलीस धरलेल्या व्यक्तीविरुद्ध संशयही नसतो. तिची सुटका हा केवळ सौद्याचा विषय असतो, आणि चौथ्या जिनीव्हा करारातील अनुच्छेद ३४ प्रमाणे ओलीस धरणे सर्वस्वी निषिद्ध आहे. स्थानबद्धता या तिघांच्या मध्ये कोठेतरी पडते. आंतरराष्ट्रीय विधी तिला पूर्णपणे निषिद्ध मानीत नाही. व्याप्त प्रदेशातील रहिवाशांस सुरक्षिततेच्या निकडीच्या कारणासाठी स्थानबद्ध करण्याची मुभा चौथ्या कराराच्या अनुच्छेद ७८ मध्ये दिली आहे. परंतु त्या निर्णयाविरुद्ध अपील करण्याचा हक्क आणि शक्य तर दर सहा महिन्यांनी फेरतपासणी या अटीही तेथेच घातल्या आहेत.

मराठी प्रदेशातील पूर्वपीठिका : राजकीय विरोधकास खटल्याविना अडकवून ठेवण्याची रीत ब्रिटिशांनी येथे नव्याने आणली असे नाही. भोर व वेल्हे (राजगड) तालुक्यांतील राजगड, तोरणा, रोहिडा इ. किल्ले दीर्घकाळ पंत सचिवांकडे होते. खुद्द सचिवाच्या घराण्यावर ओलीस होण्याची पाळी अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आली. हिंगणगावच्या दमाजी थोराताने प्रथम बाळाजी विश्वनाथास सहकुटुंब कैद केले व शाहू महाराजांकडून दंड वसूल केल्यावरच सोडले. पुढे थोरातावर चालून गेलेल्या सचिवाच्या सैन्याचा मोड होऊन तरुण सचिव नारो शंकर हाही त्याच्या हाती सापडला. बाळाजीने खटपट करून त्याची सुटका केली. त्या उपकाराची फेड म्हणून सचिवाच्या मातेने पुरंदर किल्ला बाळाजीच्या स्वाधीन केला. पेशवाईच्या उत्तरार्धात सखारामबापू बोकील या मुत्सद्द्यास नाना फडणीसाच्या हुकुमाने वेल्ह्याच्या सीमेवरील सिंहगडावर, नंतर प्रतापगडावर व अखेर रायगडावर ठेवण्यात आले. तेथेच १७८१ मध्ये त्याचा अंत झाला. या दोन्ही प्रसंगांत सुटका किंवा मृत्यू हे बलाबलावर ठरले. तिसऱ्या कोणाकडे दाद मागण्याची सोय नव्हती. आधुनिक कायद्याने सुधारणा केली की नाही, हे ठरविण्याची कसोटी हीच आहे.

१८२७ चा विनियम व नातू बंधू : ईस्ट इंडिया कंपनीने बंगालमध्ये १८१८ चा तिसरा, मद्रासमध्ये १८१९ चा दुसरा व मुंबईत १८२७ चा पंचविसावा असे तीन विनियम केले. राज्यहिताच्या कारणावरून, आरोप सिद्ध करण्याइतका पुरावा नसतानाही, कोणाही व्यक्तीस ‘राजकैदी’ म्हणून अटकेत ठेवण्याचा अधिकार त्यांनी सरकारला दिला. मुंबईचा विनियम माउंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन याच्या संहितेतील आहे.

सत्तर वर्षांनी त्याचा प्रयोग पुण्यात झाला. प्लेगच्या बंदोबस्तावरील अधिकारी रँड याच्यावर २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी हल्ला केला. त्यानंतर २७ जुलै रोजी लोकमान्य टिळकांना व दुसऱ्या दिवशी सरदार बाळासाहेब व तात्यासाहेब नातू या बंधूंना अटक झाली. टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालून त्यांस अठरा महिन्यांची शिक्षा झाली. नातूंवर मात्र खटलाच झाला नाही. त्यांस १८२७ च्या विनियमाखाली तुरुंगात टाकून त्यांच्या मालमत्तेवर जप्ती आणण्यात आली, व पुढे बेळगावात नजरेखाली ठेवण्यात आले. टिळक सप्टेंबर १८९८ मध्ये मुदतीपूर्वी सुटले. दामोदर चापेकर यास त्या आधीच, एप्रिल १८९८ मध्ये, फाशी झाली होती. पण ज्यांच्यावर आरोपच नव्हता ते नातू बंधू १८९९ पर्यंत मोकळे झाले नाहीत. दोषी ठरलेला मनुष्य निर्दोष मानावयाच्या मनुष्याआधी घरी यावा, ही स्थानबद्धतेची विसंगती या प्रकरणात स्पष्टपणे दिसून आली. डिसेंबर १८९७ मधील अमरावतीच्या काँग्रेस अधिवेशनात या विनियमांचा निषेध करण्यात आला. विशेष म्हणजे नातू घराण्यातील बाळाजीपंत नातू हे १८१७–१८ च्या सत्तांतरात इंग्रजांचे साहाय्यक होते.

महायुद्धकाळ : पहिल्या महायुद्धात १९१५ चा भारत संरक्षण अधिनियम व नंतर १९१९ चा रौलट अधिनियम यांनी खटल्याविना अटकेचे क्षेत्र वाढविले. दुसऱ्या महायुद्धात भारत संरक्षण नियमांतील नियम २६ हा या कामी मुख्य आधार होता. मुंबईतील केशव तळपदे यांच्या प्रकरणी संघ न्यायालयाने १९४३ मध्ये हा नियम मूळ अधिनियमाच्या मर्यादेबाहेरचा म्हणून अवैध ठरविला. सरकारने लगेच अध्यादेश काढून तो पूर्वलक्षी प्रभावाने वैध केला. याच काळात महात्मा गांधी पुण्याच्या आगाखान राजवाड्यात आणि नेहरू, पटेल, आझाद प्रभृती नेते अहमदनगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध होते. महादेवभाई देसाई १५ ऑगस्ट १९४२ रोजी व कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजी आगाखान राजवाड्यातच निवर्तले.

भोर तालुक्याच्या सीमेलगतच्या पुरंदर किल्ल्यावरील लष्करी वस्तीत याच वेळी ‘शत्रुदेशीय’ म्हणून जर्मन कुटुंबांना ठेवण्यात आले होते. त्यांत नाझी राजवटीच्या जाचामुळे देश सोडलेले ज्यूही होते. ज्या राज्याने त्यांस परागंदा केले, त्याच राज्याचे प्रजाजन म्हणून त्यांना अटक व्हावी, हे त्यांचे दुर्दैव. कलेतिहासकार हेर्मान गट्झ हेही तेथे होते व त्यांनी त्या काळात किल्ल्याचा अभ्यास केला. व्यक्तीचे वर्तन न पाहता तिचा गट पाहून अटक करण्याचा दोष या उदाहरणात दिसतो.

पॅलेस्टाइनमधील नियमावली : पहिल्या महायुद्धानंतर पॅलेस्टाइन ब्रिटनच्या महादेशाखाली आले. १९३६–३९ च्या अरब उठावाच्या वेळी तेथे आणीबाणीचे नियम जारी झाले व हजारो अरबांस छावण्यांत ठेवण्यात आले. १९४५ मध्ये संरक्षण (आणीबाणी) विनियम या नावाने त्यांची संहिता करण्यात आली. त्यातील विनियम १११ प्रमाणे लष्करी अधिकाऱ्यास कोणासही स्थानबद्ध करता येई. घरे पाडणे, वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण, हद्दपारी यांचीही तरतूद होती. या वेळी त्यांचा मारा मुख्यतः ज्यू भूमिगत संघटनांवर होता. ऑक्टोबर १९४४ मध्येच २५१ ज्यू स्थानबद्धांस एरिट्रियात नेण्यात आले होते. २९ जून १९४६ रोजी ज्यू नेत्यांची सरसकट धरपकड झाली; पुढे पंतप्रधान झालेले मोशे शारेट हे लात्रुनच्या छावणीत होते. यित्झाक शामीर यांस त्याच वर्षी एरिट्रियात पाठविण्यात आले व ते तेथून निसटले. ज्यू वकिलांच्या परिषदेने १९४६ च्या आरंभी या विनियमांचा तीव्र धिक्कार केला. त्यात बोलणाऱ्यांपैकी दोघे पुढे इझ्राएलचे न्यायमंत्री झाले.

वारसा : भारत १९४७ मध्ये स्वतंत्र झाला, इझ्राएलची स्थापना १४ मे १९४८ रोजी झाली. दोन्ही ठिकाणी कालचे स्थानबद्ध आज सत्ताधारी झाले आणि दोघांनीही ज्या कायद्याखाली आपण अडकलो होतो त्या प्रकारचा कायदा ठेवला. भारतात संविधान अंमलात आल्यानंतर महिन्याभरात, फेब्रुवारी १९५० मध्ये, प्रतिबंधक स्थानबद्धता अधिनियम संमत झाला. तो मांडणारे गृहमंत्री वल्लभभाई पटेल हे स्वतः अहमदनगरच्या किल्ल्यात राहून आलेले होते. इझ्राएलमध्ये १९५१ साली मेनाखेम बेगीन यांनी क्नेसेटमध्ये १९४५ च्या विनियमांवर प्रखर टीका केली. ते लोकशाहीशी विसंगत असल्याचा ठरावही झाला. पण विनियम रद्द झाले नाहीत. १९७९ मध्ये बेगीन यांच्याच मंत्रिमंडळाने स्थानबद्धतेचा नवा कायदा केला. तो तयार करणारे न्यायमंत्री श्मुएल तामीर यांस ब्रिटिशांनी केन्यात हद्दपार केले होते. त्या अनुभवाची खूण कायद्यात उमटली : हुकूम काढण्याचा अधिकार संरक्षणमंत्र्याकडे ठेवून स्थानबद्धास ४८ तासांत न्यायाधीशापुढे नेणे आवश्यक ठरले. तथापि हा सुधारलेला कायदा इझ्राएलच्या हद्दीपुरता होता. १९६७ पासून व्याप्त असलेल्या पश्चिम तटावर लष्करी हुकूमच चालू राहिले.

भारतातील पुढील वाटचाल : संविधानाच्या अनुच्छेद २२ मध्येच प्रतिबंधक स्थानबद्धतेला स्थान देण्यात आले. अटकेची कारणे कळविणे, निवेदन करण्याची संधी देणे व तीन महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाचे असल्यास सल्लागार मंडळाचे मत घेणे, ही त्यातील संरक्षणे होत. मात्र लोकहितास बाधक वाटणारी वस्तुस्थिती उघड न करण्याची मुभाही सरकारला आहे. स्थानबद्धांत विचारसरणीचा भेद राहिला नाही. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने मे १९५० मध्ये मुख्यतः फेटाळला; त्याच वर्षी विनायक दामोदर सावरकर यांसही याच अधिनियमाखाली बेळगावच्या तुरुंगात काही महिने ठेवण्यात आले.

स्थानबद्धांच्या वागणुकीविषयी महाराष्ट्रातील दोन प्रकरणे परस्परविरोधी म्हणून अभ्यसनीय आहेत. पहिले प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांचे. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात असताना त्यांनी अणुविज्ञानावर मराठी पुस्तक लिहिले. हस्तलिखित प्रसिद्धीसाठी बाहेर पाठविण्यास सरकारने परवानगी नाकारली. नियमांत दिलेल्या सवलतींपलीकडे स्थानबद्धास हक्क नाही, असा सरकारचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये तो अमान्य केला. कायद्याने स्पष्टपणे काढून घेतलेले नाही ते स्वातंत्र्य स्थानबद्धाकडे शिल्लक राहते, असे त्या निर्णयाचे तात्पर्य होय. दुसरे प्रकरण आणीबाणीतील भानुदास कृष्ण गावडे यांचे. स्थानबद्धांच्या सोयींबाबत मुंबई उच्च न्यायालयाने दिलेले निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या आरंभी रद्द केले. मूलभूत हक्क निलंबित असताना वागणुकीबद्दलही दाद मागता येत नाही, असे ठरले. दोन्ही प्रकरणे एकाच प्रांतातील होती; त्यांतील मुख्य फरक न्यायालयाचे दार उघडे की बंद, हा होता.

हे दार एप्रिल १९७६ मध्ये बंद झाले होते. जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारल्यानंतर अंतर्गत सुरक्षा अधिनियमाखाली (मिसा) देशभर सुमारे ३५,००० व्यक्तींना स्थानबद्ध करण्यात आले. येरवडा, नासिक रोड इ. कारागृहांत समाजवादी, जनसंघ व राष्ट्रीय स्वयंसेवक संघ यांचे कार्यकर्ते एकत्र होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासह अनेक उच्च न्यायालयांनी बंदी-प्रत्यक्षीकरणाचे अर्ज विचारात घेता येतात असा निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर प्रकरणात २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा मताने तो फिरविला. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात होते. बहुमतात पुण्यात जन्मलेले न्यायमूर्ती यशवंत विष्णु चंद्रचूड होते. २०१७ मध्ये हा निर्णय चुकीचा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने जाहीर केले, तेव्हा त्याविषयीचे मत त्यांचे पुत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले. दरम्यान १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही निलंबित करता येणार नाही असे ठरविले. त्याच दुरुस्तीत तीन महिन्यांची मुदत दोन महिन्यांवर आणणारे कलम होते. ते मात्र कधीच अंमलात आणले गेले नाही. १९८० चा राष्ट्रीय सुरक्षा अधिनियम व महाराष्ट्राचा १९८१ चा झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले इत्यादींविरुद्धचा अधिनियम यांखाली बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्धता करता येते.

सामान्य पोलीस कोठडीबाबत पत्रकार शीला बर्से यांच्या अर्जावरील १९८३ चा निर्णय उल्लेखनीय आहे. मुंबईतील कोठड्यांत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीची तक्रार त्यात होती. स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठड्या, अटकेची कारणे व जामिनाचा हक्क समजावून सांगणे, विधिसाहाय्य आणि न्यायाधीशाने पूर्वसूचनेविना कोठड्यांना भेट देणे, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने दिले. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली. त्याचे अनुसमर्थन मात्र केलेले नाही.

इझ्राएल व व्याप्त प्रदेश : पश्चिम तटावर लष्करी अधिकारी एका वेळी सहा महिन्यांपर्यंतचा हुकूम काढतो, तो कितीही वेळा वाढविता येतो. लष्करी न्यायाधीश फेरतपासणी करतात. परंतु मुख्य पुरावा गोपनीय असल्याने तो स्थानबद्धास वा त्याच्या वकिलास दाखविला जात नाही. डिसेंबर १९८७ मध्ये पहिला इंतिफादा (उठाव) सुरू झाल्यावर या अधिकाराचा हजारोंवर वापर झाला व नेगेव्ह वाळवंटात केत्सिओत येथे मोठी छावणी उघडण्यात आली. त्या वेळी पंतप्रधान यित्झाक शामीर होते. २००२ मध्ये ‘बेकायदा लढवय्ये’ या वर्गासाठी वेगळा कायदा झाला. गाझातील बंदिवानांस पुढे मुख्यतः तोच लावण्यात आला.

चौकशीच्या पद्धतीबाबत १९८७ च्या लांडाऊ आयोगाने सुरक्षा यंत्रणेच्या खोट्या साक्षी उघड केल्या. पण ‘माफक शारीरिक दबाव’ काही प्रसंगी ग्राह्य मानला. इझ्राएलच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर १९९९ रोजी आहारोन बाराक यांच्या अध्यक्षतेखाली नऊ न्यायाधीशांच्या पीठापुढे निर्णय दिला आणि जोराने हलविणे, वेदनादायक आसनात बांधून ठेवणे, झोप न देणे इ. पद्धती अवैध ठरविल्या. मात्र अधिकाऱ्यास निकडीचा बचाव नंतर मांडता येईल, ही फट ठेवली. टीकाकारांच्या मते पुढील काळात ती रुंदावली.

पॅलेस्टिनी बाजूकडूनही बंदिवानांच्या हक्कांचा भंग झालेला आहे. पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या व गाझातील हमासच्या कोठड्यांत विरोधकांना आरोपाविना ठेवल्याच्या व मारहाणीच्या तक्रारी मानवी हक्क संघटनांनी नोंदविल्या आहेत. सैनिक गिलाद शालित यास जून २००६ मध्ये पळवून नेल्यावर पाच वर्षे रेडक्रॉसला भेटू देण्यात आले नाही; ऑक्टोबर २०११ मध्ये १,०२७ कैद्यांच्या मोबदल्यात तो सुटला.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमास व इतर गटांनी इझ्राएलवर केलेल्या हल्ल्यात सुमारे १,२०० लोक मारले गेले व २५१ जणांना ओलीस म्हणून गाझात नेण्यात आले. त्यांत मुले व वृद्धही होते. त्यानंतरच्या युद्धात गाझात तेथील आरोग्य खात्याच्या आकड्यांप्रमाणे हजारोंच्या हजारो लोक मृत्युमुखी पडले. बंदिवानांची स्थिती दोन्हीकडे बिघडली. हमासने ओलिसांस रेडक्रॉसला भेटू दिले नाही. सुटून आलेल्यांनी उपासमार, मारहाण व लैंगिक अत्याचार यांच्या हकिगती सांगितल्या. इझ्राएलनेही रेडक्रॉसच्या तुरुंगभेटी बंद केल्या. आरोपाविना ठेवलेल्या पॅलेस्टिनी स्थानबद्धांची संख्या तीन हजारांच्या वर गेली. स्दे तेमान येथील लष्करी छावणीतील छळाच्या हकिगती इझ्राएली वृत्तपत्रांत व बेत्सेलेम या इझ्राएली संघटनेच्या अहवालात आल्या. पद्धतशीर छळाचा आरोप सरकारने नाकारला. नोव्हेंबर २०२४ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी पश्चिम तटावरील ज्यू वसाहतवाल्यांपुरती स्थानबद्धता बंद केल्याचे जाहीर केले. त्यामुळे एकाच प्रदेशात ती केवळ पॅलेस्टिनींना लागू असल्याची टीका बळावली. सप्टेंबर २०२५ मध्ये इझ्राएलच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने, शासन सुरक्षाविषयक कैद्यांना पुरेसे अन्न देत नसल्याचे मान्य करून ते देण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये युद्धबंदी होऊन जिवंत राहिलेले शेवटचे २० ओलीस सुटले. त्याबरोबर दीर्घ शिक्षेचे सुमारे २५० कैदी व युद्धकाळात गाझातून धरलेले सुमारे १,७०० लोक इझ्राएलने सोडले. या १,७०० जणांना कोणत्याही शिक्षेविना ठेवलेले होते.

वादाचे स्वरूप : स्थानबद्धतेचे समर्थक असे म्हणतात, की गुप्त हिंसक संघटनांविरुद्धचा पुरावा उघड केल्यास खबऱ्यांचे प्राण जातात, आणि स्फोट झाल्यावर खटला भरण्यात अर्थ नसतो. हा युक्तिवाद पोकळ नाही. आत्मघातकी हल्ले सोसलेल्या समाजास तो पटणे स्वाभाविक आहे. विरोधकांचे म्हणणे असे, की गोपनीय पुराव्यास उत्तर देता येत नाही. जो अधिकार अपवाद म्हणून घेतला जातो तो सवयीचा होतो. आणि ज्याची सुटकेची तारीख ठरलेली नाही त्याच्यावर दबाव आणण्याचा मोह पहारेकऱ्यास आवरत नाही. पॅलेस्टिनी स्थानबद्धांनी याविरुद्ध वारंवार दीर्घ उपोषणे केली आहेत. आरोपाविनाच्या अटकेविरुद्ध पूर्वी उपोषणे करून सुटलेले खादर अदनान हे मे २०२३ मध्ये, या वेळी आरोप ठेवलेला असताना, ८६ दिवसांच्या उपोषणानंतर तुरुंगात मरण पावले.

भारतात हा वाद बहुधा मूळ संघर्षात कोणाची बाजू न्याय्य यावरच घसरतो. गांधींनी नोव्हेंबर १९३८ मध्ये ‘हरिजन’मध्ये ज्यूंविषयी सहानुभूती व्यक्त करूनही पॅलेस्टाइन अरबांचे आहे असे प्रतिपादन केले. सावरकरांनी डिसेंबर १९४७ मध्ये ज्यू राज्याचे स्वागत केले व त्याविरुद्ध मत देणाऱ्या भारत सरकारला दोष दिला. भारताने इझ्राएलला १९५० मध्ये मान्यता दिली, पॅलेस्टाइन राज्यास १९८८ मध्ये दिली व इझ्राएलशी पूर्ण राजनैतिक संबंध १९९२ मध्ये जोडले. कोकणातून गेलेले मराठीभाषक बेने-इझ्राएल इझ्राएलमध्ये आहेत. त्यामुळे महाराष्ट्राला हा संघर्ष केवळ वर्तमानपत्रातला नाही. परंतु वरील दोन परस्परविरोधी मतांच्या दोन्ही पुरस्कर्त्यांनी आयुष्याची वर्षे स्थानबद्धतेत काढली होती, एक आगाखान राजवाड्यात, तर दुसरे रत्नागिरीत. भूमी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर काहीही असले, तरी अटकेत असलेल्या माणसाशी कसे वागावे या प्रश्नाचे उत्तर त्यावर अवलंबून राहत नाही.

मूल्यमापन : पुण्यापासून जेरूसलेमपर्यंतच्या या इतिहासातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, स्थानबद्धतेचा कायदा करणाऱ्याच्या हाती कायम राहत नाही. इंग्रजांसाठी केलेला कायदा नातूंवर आला, ज्यूंवर आलेला कायदा पॅलेस्टिनींवर गेला आणि काँग्रेसच्या पुढाऱ्यांवर आलेला अधिकार त्यांच्या विरोधकांवर वापरला गेला. दुसरी, बंदिवानाची वागणूक बंदी करणाऱ्याच्या सद्‌भावनेवर नव्हे, तर तिऱ्हाइताच्या प्रवेशावर ठरते. न्यायाधीशाची फेरतपासणी, वकिलाची भेट, रेडक्रॉसचा प्रतिनिधी, कुटुंबास दिलेली खबर आणि अटकेची ठरलेली मुदत, यांपैकी जेवढे उपाय चालू असतात तेवढी छळाची शक्यता घटते. ते बंद झाले की पहिली बातमी बहुधा सुटून आलेल्या माणसाकडूनच कळते. सचिवाची सुटका किल्ला देऊन झाली. पुढच्या पिढ्यांनी कायद्याकडून मागितले ते एवढेच, की सुटकेसाठी किल्ला द्यावा लागू नये.